मुकादमाची साखर

३ एप्रिल

मुकादमाला खाज सुटली आहे आणि त्यापायी मला झोप नाही. कान, बगला, पोट, जिथे म्हणून पाय पोचेल तिथे तो ओरबाडतो. जिथे पोचत नाही ते अंग सोफ्याला घासतो. सोफा वहिनींचा आहे. त्यामुळे आज सकाळीच हुकूम सुटला, "भाऊजी, एक तर त्याला डॉक्टरकडे न्या, नाहीतर दोघंही गच्चीवर राहायला जा."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून या घरात आम्ही तिघंच. त्या, मी आणि मुकादम. मुकादम हा आमचा कुत्रा, जातीने काहीच नाही आणि रंगाने जास्त भाजलेल्या विटेचा आहे, पोटाखाली फिका होत गेलेला. कुणी काही काम करायला लागलं की समोर बसून देखरेख करतो, म्हणून भावाने त्याला हे नाव दिलं. भावानेच आणला आणि मग माझ्यावर सोडून गेला.

जनावरांची डॉक्टरीण इतकी तरुण आहे की मला आधी वाटलं, ही डॉक्टरांची मुलगी, शाळेतून परस्पर आली असेल. तिने मुकादमाची कातडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "ॲलर्जी आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या देते. सकाळी खाण्याबरोबर द्यायच्या. भूक वाढेल, पाणी खूप पिईल, लघवीला सारखा जाईल. घाबरू नका."

मी लगेच घाबरलो.

"आणि हे बघा आजोबा," ती म्हणाली, "या गोळ्या स्वतःहून कधीही..." एवढ्यात बाकावरच्या बाईंच्या टोपलीतून मांजर फिसकारलं आणि मुकादमाने टेबलावरून थेट टोपलीवर उडी घेतली. मग जो गोंधळ झाला त्यात तिचं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. महत्त्वाचं असतं तर तिने परत सांगितलं असतं.

आजोबा म्हणाली. मला मूल नाही, नातू कुठून आणू?

६ एप्रिल

चमत्कार म्हणावा असं आहे. खाज बंद. मुकादम सरळ झोपतो. सोफा वाचला. वहिनी म्हणाल्या, "बघा, वेळेवर डॉक्टरकडे गेलं की असं होतं." हे त्यांनी मुकादमाकडे बघून म्हटलं, पण बोलणं माझ्यासाठी होतं. त्या जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. एकाला लावून दुसऱ्याशी बोलायची त्यांना सवय आहे.

मी काही डॉक्टरकडे जाणाऱ्यातला नाही. गरजच पडत नाही.

१४ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाली होती तसंच चाललं आहे. मुकादम पातेलंभर पाणी पितो, परत भरा म्हणून पातेलं ढकलत माझ्या पायाशी आणतो. अर्ध्या रात्री दोनदा बाहेर जायचं असतं. मलाही तेव्हाच जावं लागतं म्हणून बरं, एकाच उठण्यात दोघांचं काम होतं. परत येऊन तो पातेल्यातलं पाणी पितो, मी बाटलीतलं लिंबाचं सरबत. यंदा उकाडाच तसा आहे.

भूक तर विचारू नका. त्याने माझ्या ताटातला पाव पळवला, वहिनींचा साबण चाटला, शेजाऱ्यांच्या दारातलं पायपुसणं अर्धं चावलं. मीही हल्ली चांगला जेवतो. वहिनी म्हणतात, "तुम्ही दोघं खाता तेवढं एखादी खाणावळ खात नसेल. तो निदान अंगाला लावून घेतो. तुमचं जातं कुठे?"

खरं आहे. मुकादमाचं पोट सुटलं आहे, आणि मला पट्ट्याला आतल्या बाजूने नवं भोक पाडावं लागलं. काळजीने माणूस वाळतो.

२२ एप्रिल

परत दाखवून आणलं. डॉक्टरीण खूश. "अजून थोडे दिवस असंच चालू द्या, मग पुढच्या वेळी कमी करत आणू. रक्तही तपासून घेऊ."

"रक्त कशाला?" मी विचारलं.

"नुसतं बघायला, आजोबा."

नुसतं बघायला कुणी रक्त काढतं का? ती काहीतरी लपवते आहे.

वरच्या, माझ्या मोरीत मुंग्यांची रांग लागली आहे. खडू आणला पाहिजे.

२५ एप्रिल

शेजारी मीटरवाले राहतात. विजेचे मीटर वाचत लोकांच्या घरात डोकावायची नोकरी संपली, पण डोकावणं संपलेलं नाही. आज फाटकाशी गाठ पडली. मुकादमाचं पोट बघून म्हणाले, "हे काय हो, कुत्रं गाभण आहे की काय?"

"तो नर आहे."

"मग स्टेरॉईड! दुसरं काही नाही. माझ्या साडूच्या कुत्रीला दिलं होतं. असंच पोट, अशीच तहान. आणि मग काय झालं माहीत आहे?"

मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. पण ऐकत उभा राहिलो.

"साखर! डायबिटीस! रोज सुई टोचायला लागली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाले, भिंतीवर आपटायची बिचारी. स्टेरॉईडने साखर होते, मी सांगतो तुम्हाला. लिहून ठेवा."

लिहून ठेवलं. आता झोप येणार नाही.

२६ एप्रिल

वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीटरवाल्यांना विजेतलं कळतं. कुत्र्यांतलं कळतं असं मला तरी ते कधी म्हणाले नाहीत. एवढी शंका असेल तर डॉक्टरणीला फोन करा."

फोन करून काय विचारू? बाई, तुमच्या औषधाने आमचा कुत्रा आंधळा होणार का? तिला राग आला तर? गावभर जनावरांचा दुसरा दवाखाना नाही. शिवाय ती नाही म्हणणार आणि मला ते पटणार नाही. मग फोनचा काय उपयोग?

२८ एप्रिल

एक युक्ती सापडली. औषधाच्या दुकानात लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या मिळतात. दुकानदाराने डबी दिली आणि समजावून सांगितलं. पट्टीच्या टोकाला फिका निळा चौकोन असतो. लघवीत बुडवायची, थोडं थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर आहे. तपकिरी झाला तर फारच.

रंग ताडायचे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. मी चार बुकं शिकलेला माणूस, रक्ताबिक्तातलं मला समजत नाही, पण रंगाच्या दुकानात उभा जन्म गेला. लोक पडद्याची चिंधी घेऊन यायचे आणि मी डब्यात थेंब थेंब रंग सोडत त्यांना तश्शी भिंत करून द्यायचो. या बाबतीत मला कुणी शिकवायला नको.

आता मुकादमाची लघवी मिळवायची.

२९ एप्रिल

मिळाली नाही. वहिनींचा सूपचा डाव काठीला बांधून त्याच्या मागे मागे फिरलो. तो पाय वर करायचा, मी डाव पुढे करायचो, तो पाय खाली घेऊन माझ्याकडे बघायचा. देखरेख त्याने करायची असते, मी नव्हे, असं त्याचं म्हणणं दिसलं. मीटरवाले गॅलरीतून ओरडले, "काय हो, कुत्र्याला सूप पाजताय?"

३० एप्रिल

आज सगळं नीट झालं आणि सगळं बिघडलं.

दुकानात नवं यंत्र आलं की मी ते आधी टाकाऊ डब्यावर चालवून बघायचो, मगच गिऱ्हाइकाच्या मालाला हात लावायचो. तोच नियम इथे लावला. मुकादमावर जाण्याआधी एक पट्टी स्वतःवर चालवली. हात बसावा म्हणून.

चौकोन बघता बघता हिरवा झाला, मग शेवाळी, मग गडद तपकिरी. आम्ही दुकानात त्या रंगाला जुनं चामडं म्हणायचो. डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढचा.

मला हसूच आलं. मी सकाळी उठतो, फिरतो, जेवतो, कुणाला काही त्रास देत नाही. मला कसली साखर? डबी उन्हात धरून बघितली. छापील रंग विटलेले आहेत हे मला तिथेच दिसलं. निळ्यात पिवळट झाक आली आहे, हिरवा तर सरळ सरळ चुकला आहे. छापील कार्डावर विसंबणारा माणूस आमच्या धंद्यात पहिल्याच पावसाळ्यात बुडतो. कार्ड काचेतल्या उन्हाने विटतं, छापखानेवाला शाईत हात आखडता घेतो, एका गठ्ठ्याचा रंग दुसऱ्या गठ्ठ्याला जुळत नाही. ही पट्टीसुद्धा तसलीच, जुन्या गठ्ठ्यातली.

मग झाडामागे लपून मुकादमाचीही मिळवली. पट्टी बुडवली. फिकी निळी होती ती फिकी निळीच राहिली. कितीही थांबलो तरी तशीच.

म्हणजे साखर नाही म्हणायचं. पण ज्या पट्टीने माझ्यासारख्या धडधाकट माणसाला गच्च साखर दाखवली, तिने मुकादमाला दिलेलं प्रमाणपत्र मी कशाच्या आधारावर मानू? जिथे नाही तिथे दाखवते, तर जिथे आहे तिथे लपवतही असेल.

डाव धुऊन जागेवर ठेवला. वहिनींनी वास घेतला आणि नवा डाव आणायला बाहेर पडल्या.

१ मे

डबी घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, "ही खोटी आहे."

"पट्टी खोटी नसते काका. कोणाची तपासली?"

"कुत्र्याची."

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. काय आलं?"

"निळी."

"मग साखर नाही. पेढे... म्हणजे, चांगलंच आहे की!"

"चांगलं कसं? आधी मी..." पण मागे दोन बायका खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या. त्यांच्यादेखत स्वतःच्या लघवीचा विषय कसा काढणार? "जाऊ द्या," म्हणालो आणि परत आलो. डबी कचऱ्यात टाकली.

आता एकच मार्ग उरला. स्टेरॉईडने साखर होते. स्टेरॉईड थांबलं की साखर थांबेल. खाज तर केव्हाच गेली आहे.

२ मे

आजपासून गोळी बंद. वहिनींना कळू नये म्हणून, रोज ज्यात गोळी दडवतो ते उकडलेलं अंडं तसंच चारलं आणि गोळी मनीप्लांटच्या कुंडीत बोटाने खोल दाबली. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "दिली का गोळी?" मी म्हणालो, "गेली आत." खोटं नाही बोललो.

४ मे

माझं गणित बरोबर निघालं! मुकादम पाणी कमी पितो. रात्री उठला नाही. मी एकटाच उठलो. भूकही उतरली आहे, आज अंडं अर्धं ठेवलं. साखर उतरणीला लागली. मीटरवाल्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मी वाचवलं तुमचं कुत्रं. साडूला सांगणारं कुणी भेटलं नाही."

चष्मा बदलावा लागणार. हे लिहितानाही अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात.

६ मे

मुकादम आज पडूनच होता. नळ दुरुस्त करणारा आला, तासभर ठोकाठोक केली, तरी हा उठून बघायला गेला नाही. नळवाला म्हणाला, "आज साहेब रजेवर का?" मी हसलो. नंतर हसू येईना.

वहिनींनी त्याच्या नाकाला हात लावला. "भाऊजी, गोळी वेळेवर देताय ना?"

"सकाळी अंड्यातून," मी म्हणालो.

"त्याने अंडं खाल्लेलंच नाही. कुंडीजवळ पडलंय बघा."

मला वाटलं, सापडलो. पण त्या अंड्याबद्दलच बोलत होत्या. कुंडीकडे कुणी बघितलं नाही.

मला वाटतं साखर आत शिरली ती शिरलीच. मी गोळी बंद करायला उशीर केला.

७ मे

लिहायची इच्छा नाही. पण लिहिलं नाही तर बसून काय करू?

सकाळी त्याने पिवळं पाणी ओकलं. मग उठायला गेला आणि मागचे पाय फाकून खाली बसला. अंग थरथरत होतं. हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसलो आणि मला काही सुचेना. मीटरवाल्यांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. ते वाटेत सारखे म्हणत होते, "साखरच. साखरच आहे ही." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही रस्त्याकडे बघा."

मीटरवाले बाहेर गाडीतच थांबले. डॉक्टरणीने हिरड्या दाबून बघितल्या, छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा कसानुसा झाला. "गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी रोज देतात. स्वतःच्या हाताने."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मुकादमसुद्धा.

मी सगळं सांगितलं. साखर, साडूची कुत्री, कुंडी.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सुई भरता भरता म्हणाली, "शरीर हेच औषध थोडं थोडं स्वतः बनवत असतं. बाहेरून मिळायला लागलं की आतला कारखाना बंद पडतो. म्हणून गोळी हळूहळू कमी करायची, कारखान्याला परत सुरू व्हायला वेळ द्यायचा. एकदम थांबवली की बाहेरचं नाही आणि आतलंही नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं आजोबा, स्वतःहून कधीही बंद करायच्या नाहीत."

"मध्ये मांजर आलं," मी म्हणालो.

"कुठलं मांजर?"

कुणालाच ते मांजर आठवत नव्हतं.

तिने सुई दिली, पायात नळी घातली, कानाला टोचून रक्ताचा थेंब एका लहान यंत्रावर घेतला. मग कपाटातून बाटली काढून टांगली. मी विचारलं, यात काय आहे? म्हणाली, "सलाईन, आणि थोडी साखर."

माझा तोल गेला. "साखरेच्या कुत्र्याला साखर चढवता? मारून टाकणार का त्याला?"

"त्याला साखरेचा आजार नाही हो. यंत्र दाखवतंय ना, उलट साखर कमी झाली आहे."

"यंत्राचं मला सांगू नका! त्या पट्टीनेही असंच सांगितलं. तिच्यावर काय विश्वास ठेवायचा? तिने तर मलाच साखर दाखवली! जुनं चामडं!"

बाटलीतले थेंब पडताना दिसत होते.

"कोणाला दाखवली?" वहिनींनी विचारलं.

"पट्टी खराब होती."

"भाऊजी. कोणाला दाखवली?"

मग वहिनींनी मला बाकावर बसवून एकेक विचारायला सुरुवात केली. रात्री किती वेळा उठता. सरबताच्या रिकाम्या बाटल्या कोणाच्या. पट्ट्याला नवं भोक का पाडलं. मुंग्या कुणाच्या मोरीत. मी म्हणालो, उकाडा आहे, काळजी आहे, चष्मा जुना झाला आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारणागणिक डॉक्टरीण मान हलवत होती.

"तुम्हीच काढा की एक थेंब," वहिनी तिला म्हणाल्या.

"मला माणसांचं तपासता येत नाही काकू. समोरच्या रस्त्याला दवाखाना आहे. आजच जा."

"मुकादम उभा राहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही," मी म्हणालो.

वहिनी उठल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. "मला काही झालेलं नाही, मला काही झालेलं नाही, हे ऐकत ऐकत मी एकाला पोचवून आले. तुमचा भाऊ होता तो. दुसऱ्यांदा ऐकून घेणार नाही. चला."

गेलो. जाताना मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले नाहीत.

तोच दिवस, झोपायच्या आधी

माणसांचा डॉक्टर म्हणाला, "तहान कधीपासून लागते?"

मी विचारलं, "मुकादमाला की मला?"

त्याने वहिनींकडे बघितलं. पुढचे प्रश्न त्यांनाच विचारले. साखर भरपूर आहे. अशीच राहिली असती तर मी कधीतरी चक्कर येऊन रस्त्यात पडलो असतो म्हणे. गोळ्या दिल्या आहेत. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं, कारण लक्ष समोरच्या रस्त्यावर, मुकादमाला ठेवून घेतलं त्या दवाखान्याकडे होतं.

कुत्रा नसल्यावर घर किती मोठं असतं.

८ मे

फोन वहिनींनीच उचलला. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. "हो," म्हणाल्या. "बरं." मग "हो का? खरंच?" आणि फोन ठेवून पदराने नाक पुसलं. इतक्यावरून माणसाने काय समजायचं?

"उभा राहिला," त्या म्हणाल्या. "कंपाउंडर फरशी पुसत होता, त्याच्यासमोर जाऊन बसलाय."

मी संडासात जाऊन थोडा वेळ थांबलो.

११ मे

मुकादम घरी आला. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. जे काही सांगायचं ते मुकादमाला सांगतात. "मुकादम, त्यांना सांग, चहात साखर घालायची नाही." "मुकादम, सरबताच्या बाटल्या मी ओतून टाकल्यात, शोधत बसू नका म्हणावं." मुकादम दर वेळी माझ्याकडे बघतो. हुकूम पोचवायचं काम त्याला मनापासून आवडलेलं दिसतं.

दोघांच्याही गोळ्या आता वहिनींकडे आहेत. सकाळी आधी त्याला अंड्यातून देतात आणि त्याचा घसा हलला की नाही ते बघतात. मग माझ्यासमोर पेला ठेवतात आणि माझा घसा बघतात. मी म्हटलं, "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" त्या मुकादमाला म्हणाल्या, "काय उत्तर देऊ रे यांना?"

१९ मे

दाखवायला गेलो. या वेळी वहिनी बरोबर होत्या, कान टवकारून. डॉक्टरणीने डोस कमी केला. आणखी काही दिवसांनी अजून कमी, मग एक दिवसाआड, मग बंद. खाजेसाठी वेगळा शाम्पू आणि दुसरं खाणं. रक्त तपासलं, साखर अगदी जागेवर.

मी विचारलं, "म्हणजे मीटरवाले खोटं बोलले?"

"अगदी खोटं नाही आजोबा. फार दिवस दिल्या तर काही कुत्र्यांना होते साखर. जाड्या कुत्र्यांना तर जास्तच. म्हणून तर लवकर कमी करायच्या, रक्त बघत राहायचं. तुमची भीती बरोबर होती. फक्त ती मला सांगायची, कुंडीला नाही."

मी मान हलवली. आजोबा म्हणाली, पण आज तेवढं लागलं नाही.

कागदावर तिने लिहून दिलं, मुकादमाने वजन उतरवायचं, दोन वेळा चालायचं. माझ्या डॉक्टरनेही नेमकं तेच सांगितलं होतं, वजनाचं सोडून.

२३ मे

आज संध्याकाळी मी साखळी घेऊन निघालो, तर वहिनी दारात चपला घालून उभ्या. इतक्या वर्षांत त्या कधी आमच्याबरोबर फिरायला आल्या नव्हत्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"तुमच्यावर लक्ष ठेवायला," त्या म्हणाल्या. थेट मला म्हणाल्या. मुकादम चकित होऊन दोघांकडे बघायला लागला.

मुकादम मधे, आम्ही दोन बाजूंना. तो मधूनच थांबायचा, मागे वळून सगळे आहेत ना बघायचा आणि पुढे निघायचा. त्याची चाल परत आली आहे. माझी अजून यायची आहे, पण कोपऱ्यापर्यंत न थांबता गेलो.

फाटकाशी मीटरवाले होतेच. "काय हो, सगळी वरात निघाली? कुत्रं कसं आहे? शेवटी साखर निघाली ना?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "निघाली."

"बघा!" मीटरवाल्यांनी फाटकावर हात आपटला. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बघता क्षणी ओळखलं मी. आता सुई का गोळी?"

"गोळी. पथ्यही आहे. गोड बंद."

"अरेरे. आणि खातो का मुकाट्याने?"

"कुरकुर करतो जरा," वहिनी म्हणाल्या. "पण समोर उभं राहिलं की गिळतो."

"चांगला जीव आहे हो," मीटरवाले म्हणाले आणि वाकून मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "जप रे बाबा स्वतःला. म्हातारपणी असलं दुखणं."

मुकादमाने ते सगळं सहन केलं. मीही केलं. वहिनी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं त्यांना रडू येतंय, म्हणून मी हळूच म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका, मी नीट घेईन गोळ्या."

त्यावर त्यांना इतकं हसू फुटलं की फाटकाला धरून उभं राहावं लागलं. मला काही कळलं नाही. मुकादमाने साखळीला हिसका दिला आणि आम्ही पुढे निघालो.